शेऱ्याच्या रकान्यात

रुचिताने टॉवेलात गुंडाळलेली नोंदवही माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवली, "आत्या, पप्पांनी सांगितलंय, बुधवारपर्यंत बिल्कुल झालं पाहिजे," असं म्हणाली आणि थेट फ्रिज उघडला. यूपीएससीची मुलं कायम भुकेलेली असतात. ही माझ्या धाकट्या भावाची, उल्हासची मुलगी. इथे दिल्लीत राजेंद्रनगरला एका खिडकी नसलेल्या खोलीत राहून दोन वर्षं परीक्षा देते आहे. चार दिवस नगरकडे घरी गेली होती, ती येताना आमच्या गावच्या चर्चच्या मंडळीचं हे सभासदांचं पुस्तक मांडीवर घेऊन आली. गुरुवारच्या गाडीने तिला ते परत न्यायचं होतं.

मी दिल्लीत एका सरकारी संग्रहालयात जुने कागद दुरुस्त करते. चौतीस वर्षं झाली. वाळवी, बुरशी आणि साहेबलोक यांच्या तावडीतून जे उरेल ते सांधायचं. या महिन्याच्या तीस तारखेला निवृत्त होते आहे आणि खरं सांगायचं तर कंटाळले आहे. नोव्हेंबरातल्या दिल्लीच्या हवेत सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. इतक्या वर्षांत ऑफिसचा साधा ब्रशही मी घरी आणला नव्हता. या वेळी आणला, आणि शाई घालवायच्या द्रावणाची छोटी बाटलीही.

नोंदवहीत माझ्या वडिलांचं नाव होतं आणि त्या नावावर आडवी रेघ होती. ते मिशनच्या शाळेत शिक्षक होते आणि रविवारी कीर्तन करायचे, ख्रिस्ती कीर्तन, हातात चिपळ्या घेऊन. नरक कायमचा नसतो, असं ते कीर्तनात सांगायचे. मंडळीच्या पंचांना ते पाखंड वाटलं. एकाहत्तर साली त्यांना मंडळीतून काढून टाकलं. मग चर्चमधलं प्रभुभोजन बंद झालं, शाळेतली नोकरी गेली आणि ते मेले तेव्हा चर्चचे पाळक आले नाहीत. आम्ही चार माणसांनी त्यांना कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर पुरलं.

त्यांच्या कीर्तनाच्या वह्या होत्या, सात की आठ. त्या आईने बंबात घातल्या. आम्हा मुलांना तरी शाळेतून काढू नये म्हणून तिने तसं केलं. मी सहा वर्षांची होते. त्या दिवशी आंघोळीचं पाणी फार कढत होतं, एवढंच मला आठवतं. वडील ओट्यावर बसून होते. ते तिला एका शब्दानेही बोलले नाहीत, आणि आईला तेच जन्मभर पुरलं.

आता मंडळीला सव्वाशे वर्षं होत होती. येत्या रविवारी उपासनेत सगळ्या जुन्या सभासदांची नावं वाचली जाणार होती. नवे पाळक भले माणूस. ते उल्हासला म्हणाले होते, पंचांपुढे हा विषय काढायची माझी ताकद नाही, पण वहीत ज्या नावावर रेघ नसेल ते मी वाचेन. पुढचं उल्हासने ओळखलं. आई शहाऐंशीची, डोळे गेलेले. चर्चमध्ये ते नाव एकदा कानावर पडावं, एवढंच तिचं मागणं उरलं होतं.

"ताई, तू जगाचे कागद साफ करतेस," उल्हास फोनवर म्हणाला होता. "घरचा एक कर."

मी त्याला अडचण सांगितली. नाव आणि रेघ दोन्ही एकाच जातीच्या निळ्या-काळ्या शाईची आहेत, रेघ उडाली की नावही फिकं पडणार. मग गिरव, तो म्हणाला. शेजारच्या रकान्यात पाच ओळींचा शेरा आहे तोही काढ, म्हणाला. मी हो म्हटलं. आईसाठी यापेक्षा वाईट कामं माणसं करतात.

आमच्या कामाची एक सवय असते. आम्ही कागद बघतो, शाई बघतो, मजकूर वाचत नाही. वाचत बसलं तर दिवसाला एक पानही होत नाही. म्हणून रविवारी रात्री वही उघडली तेव्हा शेऱ्याच्या पाच ओळी मला नुसत्या पाच ओळीच दिसल्या.

सोमवारी ऑफिसात माझ्यापुढे दुसरंच प्रकरण होतं. प्रदर्शनासाठी काढलेला एक जुना लॅटिन ग्रंथ, पाखंड्यांची मतं खोडून काढण्यासाठी कुणा धर्मपंडिताने लिहिलेला. त्यात एक चित्र होतं. बिशप उभा आहे, त्याच्या पायाखाली एक माणूस पालथा पडला आहे आणि बाजूला त्या माणसाची पुस्तकं जळताहेत. माणसाचा चेहरा कुणा जुन्या वाचकाने सुरीने खरवडून काढला होता. तिथे भोक पडलं होतं.

अनुराग हा आमचा क्युरेटर, माझ्या मुलाच्या वयाचा. त्याला त्या भोकात नवा चेहरा काढून हवा होता. मी त्याला हिंदीत समजावलं, की भोक बुजवीन, मागून कागद लावीन, पण चेहरा काढणार नाही. जे आपण घालतो ते उद्या कुणालाही काढता आलं पाहिजे, आणि जे कुणी केलं आहे ते आपण लपवायचं नाही. हे मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलं होतं. अनुराग थोडा खट्टू झाला. मग जाता जाता त्याने चित्रातल्या त्या पालथ्या माणसाकडे बोट दाखवलं.

"मॅडम, मजे की बात पता है? इसकी सारी किताबें जला दी गईं. वो क्या कहता था, ये सिर्फ इसी किताब से पता चलता है. दुश्मन ने गलत साबित करने के लिए पूरा-पूरा छाप दिया."

मी मान हलवली आणि पेस्ट ढवळत राहिले. वह्या आमच्याही घरात जळल्या होत्या, पण तेव्हा मला ते सुचलं नाही. थकलेल्या माणसाला उशिरा सुचतं.

मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले, कारण हे काम उजेडातच करायला हवं. रुचिताही आली होती. गॅलरीत टेबल ओढलं, भिंग लावलं. आधी एका ठिपक्यावर चाचणी घ्यायची असते. शेऱ्यातल्या शेवटच्या शब्दापुढचा पूर्णविराम निवडला, कापसाचं टोक भिजवून त्यावर टेकवलं आणि वाट पाहिली. ठिपका विरघळला. माझा हात अजून चांगला होता.

कापूस बाजूला ठेवला, पण भिंग त्या ओळीवरच होतं. शेवटचा शब्द 'वगळले' होता. माझी सवय मोडली आणि मी त्याआधीचं वाचलं. मग वर जाऊन पहिल्या ओळीपासून वाचलं.

रुचिता म्हणाली, "आत्या, काय झालं यार? रडतेयस काय?"

धूर आहे हवेत, मी म्हटलं. मग बाटलीला बूच लावलं.

उल्हासला लगेच फोन केला. मी रेघ काढणार नाही, शेराही काढणार नाही, असं सांगितलं. तो म्हणाला, की तू दिल्लीला निघून गेलीस, त्या बाईचं हे सगळं आम्ही पाहिलं. रविवारी लोकांची नावं वाचतील आणि ती पहिल्या बाकावर कान देऊन बसेल. यातलं काहीच खोटं नव्हतं. पंचांची बाजू घेतेस, असंही तो म्हणाला, तेही मी ऐकून घेतलं.

"मग आईला तूच सांग," तो म्हणाला आणि फोन तिच्या हातात दिला.

आई फोन नेहमी तोंडासमोर धरते, कानाला लावत नाही. तिचा श्वास ऐकू आला.

"कुमुद, झालं का गं काम?"

"नाही, आई. मी करणार नाहीये. रविवारी त्यांचं नाव नाही वाचणार."

मी म्हटलं, वहीत त्यांच्या नावापुढे काय लिहिलंय ते तुला कुणी कधी वाचून दाखवलं का? नाही, ती म्हणाली. आम्हाला कोण दाखवतंय. मी वही उजेडाकडे वळवली आणि फोन स्पीकरवर टाकून वाचलं.

"मुरलीधर भागाजी साळवे. 'देवाची दया नरकाच्या दारातूनही आत जाते, आणि शेवटच्या माणसाला घेतल्याशिवाय बाहेर येत नाही,' असे कीर्तनातून शिकवतो. पंचांनी तीन वेळा समज दिली. शब्द मागे घेत नाही. पाखंडी मताबद्दल मंडळीतून वगळले."

फोन कटला की काय म्हणून मी हाक मारली.

"आहे," आई म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आधी चिपळी वाजवायचे. मग हे म्हणायचे." आणि मग, "मी विसरले होते गं. चोपन्न वर्षं आठवते आहे, शब्द येईनात. वह्या तर मीच घातल्या बंबात."

"ठाऊक आहे मला."

"पंचांनी सगळं लिहून ठेवलं?"

"सगळं. त्यांच्याच शब्दांत."

"काढू नकोस," ती म्हणाली. "उल्हासला मी सांगते. परत वाच."

मी परत वाचलं. ती पुन्हा वाच म्हणाली, आणि मी तिसऱ्यांदा वाचलं. रुचिता चहाचा कप हातात तसाच धरून दारात उभी होती. चौथ्यांदा वाचायला लागले तेव्हा आई माझ्या एक शब्द पुढे होती, म्हणून मी थांबले आणि तिला म्हणू दिलं.