फसवा चेंडू आणि मी

मित्रांनो, मी डाव्या हातात घालायचा एक जुना, तपकिरी हातमोजा आहे. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याच्या, म्हणजे पिचरच्या हातात मी अकरा वर्षे होतो. माझ्यासारखे हातमोजे आपली गोष्ट सांगताना छाती फुगवतात. मला मात्र मान खाली घालूनच सांगावी लागणार आहे.

एका कारखान्यात एका बाईने चामड्याचे तुकडे उलटे शिवले, मला सुलटे केले आणि बोटांमधून चामड्याच्या वाद्या ओवून त्या करकचून आवळल्या. वेंडेल ओस्टरहाउटने मला घेतले तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. मला मऊ करायला त्याने दाढीचा साबण चोळला, माझ्या पोटात चेंडू ठेवून दोरीने बांधले आणि गादीखाली सारले.

"पाठीला बोचतोय तो," त्याची बायको कोरिन म्हणाली. "एक तर तो झोपेल इथे, नाहीतर मी."

"आठवडाभर कळ काढ गं. तोच आपलं घर चालवणार आहे."

आणि खरोखरच मी चालवले. वेंडेलच्या हातात फार वेग नव्हता. त्याची करामत होती फसव्या चेंडूत. हात जोराच्या चेंडूसारखाच फिरायचा, बॅटर घाईने बॅट फिरवून मोकळा व्हायचा आणि चेंडू मागून रमतगमत यायचा. कोणता चेंडू जाणार हे माझ्या पोटात ठरायचे. वेंडेल उजवा हात माझ्यात घालून चेंडूवर बोटे बसवायचा. ती बोटे बॅटरला दिसू नयेत, एवढ्यासाठी मी होतो. गुपित राखायचे, हेच माझे काम.

एका सप्टेंबरात त्याने लागोपाठ सहा सामने जिंकले. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात वेंडेलचे फक्त डोळे दिसत होते, बाकी सगळा मीच होतो. तेव्हापासून तो मला कुणाला शिवू देईना. संघाचे सामान सांभाळणारा माणूस एकदा म्हणाला, "वाद्या सैल झाल्यात याच्या. दे, बदलतो."

"हात लावायचा नाही," वेंडेल म्हणाला. "माझं नशीब आहे ते."

मित्रांनो, हे ऐकून मी किती फुगलो म्हणून सांगू!

वेंडेल चौतीस वर्षांचा झाला आणि सगळे बिघडले. ज्या फसव्या चेंडूवर लोक तोंडघशी पडायचे, तोच चेंडू आता प्रेक्षकांत जाऊन पडू लागला. त्याच सुमारास मला एक गोष्ट जाणवली. समोरचे बॅटर माझ्याकडे टक लावून बघायचे. मला वाटले, माझी कीर्ती पोहोचली असणार. मी आणखी ऐटीत राहू लागलो.

वेंडेलला मात्र कुणावर तरी खापर फोडायचे होते. त्याने ते डेल फॉर्नीवर फोडले. डेल म्हणजे त्याचा कॅचर, बॅटरच्या मागे बसून कोणता चेंडू टाकायचा ते खुणेने सांगणारा. "डेलचं मन बॅटरला वाचता येतं," वेंडेलने मॅनेजरला सांगितले. "तो असेल तर मी टाकणार नाही." वेंडेलचे नाव मोठे होते. डेलला खालच्या संघात पाठवले आणि तिथून तो घरी गेला तो गेलाच. वर्षअखेरीस वेंडेललाही नारळ मिळाला. पुढच्या वर्षी दुसरा संघ, पुन्हा तीच गत. त्याने खांद्यात सुया टोचून घेतल्या. कोरिनशी तो धड बोलेना.

नेब्रास्कातल्या घरी बर्फ पडत असताना फोन आला. पोर्ट हॅडलीच्या संघातली एक बाई बोलत होती.

"आमच्याकडे पाच पिचर आहेत. पाचही चांगले. तुम्ही सहावे. चालेल?"

"चालेल," वेंडेल म्हणाला.

कोरिनने विचारले, "सहावा म्हणजे काय रे?"

"पाचातल्या कुणाचा तरी हात दुखेपर्यंत बसून राहायचं."

"आणि नाहीच दुखला तर?"

"तर मी देवाकडे काय मागत बसलो होतो, ते कुणाला सांगू नकोस."

मे महिन्यात एकाचे कोपर दुखावले. वेंडेलला बोलावणे आले.

तिथला कॅचर एफ्राईन उर्दानेता व्हेनेझुएलाचा होता, वेंडेलहून बारा वर्षांनी लहान. पहिल्याच सरावात तो ओरडला, "आजोबा, चेंडू टाकताय की पोस्टात पत्र?" वेंडेल हसला. बऱ्याच महिन्यांनी हसला.

पहिल्या सामन्यात दोन डावांत सात धावा गेल्या. दुसऱ्यात पाच. प्रेक्षकांतली एक बाई हात तोंडाशी धरून ओरडली, "काय टाकणार ते बॅटरला फोन करून सांगतोस का रे?" सगळे हसले. तिला तरी कुठे ठाऊक होते की ती खरे बोलते आहे!

सामना संपल्यावर, सगळा संघ कपडे बदलत असताना, वेंडेल एफ्राईनला म्हणाला, "तुझ्या जागी दगड बसवला असता तर त्यानंही बरे चेंडू मागितले असते."

एफ्राईनने पायांवरची संरक्षक पट्टी सोडली, जागेवर ठेवली आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तो आला. त्याचे डोळे लाल होते. "चला," तो म्हणाला, "मैदानावर. मला शिव्या नंतर घाला."

त्याने मागे जाळी लावली आणि स्वतः बॅटरच्या जागी उभा राहिला, रिकाम्या हातांनी. "टाका. काय टाकणार ते मला सांगू नका."

वेंडेलने माझ्यात हात घातला. चेंडू सुटायच्या आतच एफ्राईन म्हणाला, "जोराचा."

जोराचाच होता.

"जोराचा. फसवा. फसवा. जोराचा."

वेंडेल थांबला. मग मुद्दाम उलटसुलट टाकू लागला. पंधरा चेंडू झाले. एफ्राईन एकदाही चुकला नाही.

"कसं?" वेंडेलने विचारले.

"तुमचा हातमोजा. फसव्या चेंडूला तुम्ही सगळी बोटं आत घालता, तेव्हा तो कोंबडीसारखा पंख पसरतो. त्याच्या वाद्यांत जोरच उरला नाही. जोराच्या चेंडूला मिटलेला असतो. रात्रभर तुमचे जुने सामने बघितले मी. दोन वर्षं हेच चाललंय."

मित्रांनो, ते बॅटर माझे कौतुक करत नव्हते. ते मला वाचत होते. राखायला दिलेले एकच गुपित मी दोन वर्षे भर मैदानात उघडे करत होतो, तेही छाती पुढे काढून.

वेंडेल मातीतच बसला. त्याने मला आपटले असते तर मला हलके वाटले असते. त्याने मला मांडीवर ठेवले आणि म्हणाला, "डेल... डेल बिचारा..."

पुढचा सामना तो एका सहकाऱ्याचा काळा, ताठ हातमोजा घालून खेळला. मी कपाटात होतो. सहा डाव, दोन धावा. बाहेर लोक टाळ्या वाजवत होते आणि त्या माझ्यावाचून वाजत होत्या.

आत आल्यावर वेंडेल बाकावर उभा राहिला. "मी बोललो होतो सगळ्यांसमोर, म्हणून हेही सगळ्यांसमोर. चूक एफ्राईनची नव्हती. माझी होती. मला माफ कर."

"माफी राहू द्या, आजोबा, आधी खाली उतरा," एफ्राईन म्हणाला. "पडलात तर सातवा शोधावा लागेल."

वेंडेलने त्या उन्हाळ्यात चार सामने जिंकले. ऑगस्टमध्ये त्या दुखावलेल्या पिचरचे कोपर बरे झाले आणि पोर्ट हॅडलीने वेंडेलचा हात हातात घेऊन त्याला निरोप दिला. तो चिडला नाही. घरी परतताना गाडी तो चालवत होता, कोरिन शेजारी, मी मागच्या सीटवर. आयोवातल्या मक्याच्या शेतांपाशी त्याने गाडी कडेला घेतली आणि फोन लावला.

"डेल? वेंडेल बोलतोय. ऐक. तुझं काही चुकलं नव्हतं. माझा हातमोजा उघडत होता. मी बघितलंच नाही, आणि तुझं नाव सांगितलं."

पलीकडून डेलचा आवाज आला, "मला वाटायचं, मला खेळ कळतच नाही. मुलीच्या संघाला शिकवायला बोलावलं, तेही मी नाही म्हणालो."

कोरिनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"ठेवतो," डेल म्हणाला. "आज नको, वेंडेल. पुन्हा कर कधीतरी." आणि फोन बंद झाला.

मित्रांनो, माझ्या वाद्या आता बदलल्या आहेत. नेब्रास्कातल्या एका चांभाराने जुन्या ओढून काढल्या तेव्हा त्या हातातच तुटल्या, इतक्या कुजल्या होत्या. नव्यांनी मी छान मिटतो. पण डेलला त्याचा काय उपयोग? तुमच्याही घरात कुणाला हात लावू न दिलेली एखादी लाडकी वस्तू असेल. तिला उजेडात आणा, उलटून बघा, दुरुस्त करणाऱ्याच्या हाती द्या. आम्हाला दुखत नाही. आणि काही बिघडले, तर शेजारच्या माणसाचे नाव घेण्याआधी एकदा आपल्या हातात काय आहे ते बघा.