जर्नेलचा लाकडी पाइप

जर्नेलने दुकानात पाटी लावली, तिथेच तिचं चुकलं. "शनिवारी पाइपलाइनवर कामासाठी स्वयंसेवक हवेत. नावे वीजघरात द्यावीत. हुकमावरून." हुकमावरून! आमच्या खोऱ्यात बायका नवऱ्याच्या हुकमावरून जागच्या हलत नाहीत, पाटीच्या काय हलणार?

जर्नेल माझ्या भावाची मुलगी, मी तिची टांटी, म्हणजे आत्या. आमच्या वीजघराची ती पहिलीच बाई साहेब, त्यामुळे माझं नाक एरवी वरच असतं. पण शिकून शहाणी झालेली पोर घरची रीत विसरली, तर टांटीने काय तोंडात मारायचं?

बंधाऱ्यापासून खाली वीजघरापर्यंत आमचा पाइप लाकडाचा आहे. फळीला फळी भिडवून वर लोखंडी कडी आवळलेली. लांबलचक पिंपच म्हणा ना. कडी गंजली म्हणून जर्नेलने पाणी बंद करून नवी बसवायला घेतली. सामान बंदरात अडकलं, काम लांबलं, त्यात कोरडं ऊन. फळ्या सुकल्या, आकसल्या. पाणी सोडलं तर पाइप जागोजाग गळायला लागला आणि वीजघरात पोचली करंगळीएवढी धार. यंत्र फिरेना, खोरं अंधारात. राजधानी रोझोहून मोठ्या साहेबाचा फोन आला, की सोमवारपर्यंत यंत्र फिरलं नाही तर वीजघराला कुलूप. मग डोंगरापलीकडून डिझेलची वीज येईल आणि जर्नेल कुठल्यातरी ऑफिसात फायली वाहील.

उपाय तिला ठाऊक होता. पाइपावर गोणपाट गुंडाळून ते सारखं भिजवत राहायचं, बंधाऱ्याशी पाण्यात भुसा टाकायचा, पाणी हळूहळू सोडायचं. लाकूड फुगलं की फटी मिटतात. पण त्याला अख्खं गाव लागतं, आणि गाव रुसलेलं. पाइपाच्या वळणावर जुनी गळती होती. तिच्याखाली आम्ही पिढ्यान्‌पिढ्या आंघोळ केली, धुणी धुतली. बाईसाहेबांनी आल्या आल्या तिथे "आंघोळीस मनाई" असा फलक ठोकला होता. रुसणाऱ्यांत मीही होते, खोटं कशाला बोलू?

गुरुवारी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. डोळे सुजलेले.

"टांटी, एकानेही नाव दिलं नाही गं."

"पाटी कुणाला जेवायला घालते का?"

"ऑफिसात असंच शिकवतात."

"मग ऑफिसलाच बोलव बादल्या घेऊन! अगं, कुदमें हवं ना तुला? सगळ्यांचे हात एका कामाला? मग दारात जायचं, बसायचं, बकरीची चौकशी करायची, आणि मग तोंड उघडायचं. चुलीवर हंडा चढवायचा. शंख वाजला की माणसं येतात. आजवर या खोऱ्यातलं एक घर तरी याशिवाय उभं राहिलंय का?"

"आणि नाहीच आले तर?"

"नाही आले तर दोघी मिळून पाइपावर थुंकू. ऊठ."

पहिलं दार टायटस म्हाताऱ्याचं. गावाचा शंख त्याच्याकडे, आणि त्या वळणावर सगळ्यात जास्त वेळ आंघोळ करणाराही तोच. त्याने आम्हाला बसवलं, उसाचा रस दिला, गुडघ्याचं दुखणं सांगितलं, बकरीचं सांगितलं. जर्नेल मुकाट ऐकत होती. शेवटी म्हणाली, "टायटस काका, माझं चुकलं. तुम्हा कुणाला न विचारता फलक ठोकला. तो मी काढते. आंघोळीसाठी तिथे नळ बसवून देते, मनगटाएवढा जाड. पण वीजघर गेलं तर माझ्याने नाही बघवणार हो. मी त्याचा आवाज ऐकत झोपी जायचे लहानपणी."

टायटसने गुडघा चोळला. मग म्हणाला, "हंड्यात काय आहे?"

"धुरी दिलेला हेरिंग मासा, नीरफणस, हिरवी केळी, अळूच्या पानांचं कालवण."

"रांधणार कोण?"

"मी," जर्नेल म्हणाली.

"अरे देवा! मग मी घरून जेवून येतो."

तो हसला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

शनिवारी उन्हं वर यायच्या आत शंख वाजला. मी देव पाण्यात घालून बसले होते, दारातून बघते तर वाटेवर रांग! बादल्या, डबे, गोणपाटं, करवतीच्या गिरणीतला भुसा, मागे अकॉर्डियन आणि बांबूचं भोंग्यासारखं वाद्य घेतलेले वाजवणारे. पाणी सुटलं तशी फटीफटीतून कारंजी उडाली. कोणाच्या कानात, कोणाच्या झग्यात. चर्चच्या सिस्टर मारी-क्लेअर आधी ओरडल्या, मग हसत तिथेच उभ्या राहिल्या. अख्खं गाव एकदम आंघोळ करत होतं, कपड्यांसकट, आणि गात होतं.

दुपारी वरून आरोळी आली, "मिटली!" मग दुसरी, जरा खालून, "मिटली!" एकेक फट बुजत आरोळी डोंगर उतरत आमच्याकडे येत होती. जर्नेल वीजघरात दाबाच्या काट्याकडे टक लावून उभी. काटा चढला, चढला आणि यंत्र फिरायला लागणाऱ्या लाल रेघेच्या खाली अडला.

उरली होती एकच गळती, वळणावरची. मी धावत गेले. टायटस पाइपाला पाठ लावून, गोणपाट दाबून बसलेला, नखशिखांत भिजलेला.

"काका, ही पण मिटवायची?" मी विचारलं.

"मिटवायची नाही तर काय पूजा करायची?" तो खेकसला. "बघतेस काय? दाब की तूही!"

मी दाबलं, माझ्यामागे आणखी चौघांनी दाबलं. पाठीखाली फळी फुगताना खरंच कळत होती. धार बारीक झाली, मग थेंब, मग तेही नाही.

आणि खालून यंत्राची घरघर आली.

पुढच्याच क्षणी डोंगरावरच्या घराघरातले रेडिओ एकदम बोंबलू लागले. वीज आली की कळावं म्हणून सगळ्यांनी बटणं चालूच ठेवली होती. वाजवणाऱ्यांनी हात टेकले. मी नाचले, या वयात, टायटसबरोबर, चिखलात.

खाली आलो तर जर्नेल वीजघराच्या पायरीवर बसून रडत होती आणि हसत होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. मोठा साहेब. रेडिओंच्या कल्लोळात ऐकू यावं म्हणून तिने फोनचा आवाज मोठा केला.

"तुमच्या विजेचा काटा इथे रोझोत दिसतोय मला! किती माणसं लावली होतीस कामाला?"

तिने डोळे पुसले आणि आमच्याकडे पाहिलं.

"लावली नव्हती, सर. आली होती."