न्हाणीची चौकट

रविवारी सकाळी उदयराव दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि दारात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून बसायचे. बाकीच्या दिवशी त्यांच्या दाढीकडे बघायला घरात कोणी नव्हतं, त्यामुळे ती वाढेल तशी वाढू द्यायचे. वीज मंडळातून निवृत्त झाले त्याच वर्षी बायको, पूर्णिमा, गेली. मुलगी अबोली बंगळुरात. रायपूरच्या तात्यापाऱ्यातलं घर बाजाराला लागून, दारासमोरून दिवसभर माणसांची रीघ, पण त्यातलं एकही माणूस उंबरा ओलांडायचं नाही. इतक्या माणसांत राहून बोलायला कोणी नसणं फार वाईट.

रविवारी मात्र यशोधनचा ‘वॉक’ यायचा.

यशोधन पुरानी बस्तीतल्या मराठी घरातला. नव्या रायपुरात कुठल्याशा ऑफिसात नोकरी करायचा आणि रविवारी हौशी लोकांना घेऊन जुन्या शहरातून पायी हिंडायचा. वाटेत तो सांगायचा ती गोष्ट एका ज्यू डॉक्टरची होती. हिटलरच्या तावडीतून निसटून तो बायकोमुलीला घेऊन रायपुरात आला, पुरानी बस्तीत दवाखाना थाटला आणि तात्यापाऱ्यात उदयरावांच्या आजोबांकडे भाड्यानं राहिला. लोक त्याला ‘जर्मन डाक्टर’ म्हणायचे आणि हेच नाव त्याला भोवलं. युद्ध पेटलं तेव्हा इंग्रजांनी त्याला जर्मन म्हणून धरलं. त्याच्या औषधानं बरा झालेला शिपाईच त्याची ट्रंक डोक्यावर घेऊन स्टेशनपर्यंत गेला. जर्मनांनी ज्यू म्हणून हाकललं, इंग्रजांनी जर्मन म्हणून पकडलं. सरकार कोणतंही असो, समोरच्या माणसाकडे नीट बघायला त्याला कधी सवड नसते.

यशोधनचा वॉक दवाखान्याच्या जागेपासून सुरू व्हायचा आणि स्टेशनवर संपायचा. मधला मुक्काम उदयरावांचं दार.

त्याचं कारण दाराच्या चौकटीवर होतं. पहिल्यांदा यशोधन एकटाच आला होता, घर शोधत. आत शिरता शिरता उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर, त्याला एक तिरपी खूण दिसली. बोटभर लांब, रंग उडालेली, वर-खाली स्क्रूची भोकं. तो हरखलाच.

“काका, ये मेज़ुज़ा का निशान है!”

“काय आहे?”

“ज्यू लोग दरवाज़े पे लगाते हैं. छोटी-सी डिब्बी, अंदर प्रार्थना. आते-जाते उसको हाथ लगाते हैं. देखो ना, तिरछा है, राइट साइड पे. डॉक्टर साहब का ही है!”

ती खूण घंटीच्या बटणाची होती. वीज मंडळाच्या माणसाच्या घरी वीज मंडळाच्याच वायरमननं घंटी तिरपी बसवली आणि पूर्णिमा त्यावरून जन्मभर चिडवत राहिली. ‘साऱ्या शहराची लाईन सरळ करून राहिले, अन् घरची घंटी वाकडी!’ शेवटी कंटाळून उदयरावांनी बटण दुसऱ्या बाजूला नेलं. हे सगळं त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण तेवढ्यात यशोधन म्हणाला, “काका, संडे को लोगों को लेके आऊँ? पानी-वानी पिला दोगे ना?” आणि उदयराव म्हणाले, “हव, आण ना. मले काय त्रास आहे?”

बस, एवढंच झालं. खोटं बोलले नाहीत, फक्त खरं गिळलं. त्या रविवारी दारासमोर चपलांचा ढीग पडला. एका बाईनं स्वयंपाकघर कुठे विचारून स्वतः चहा टाकला. एकानं भिंतीवरच्या पूर्णिमाच्या फोटोकडे बघून “ये आंटी हैं?” असं विचारलं. कितीतरी महिन्यांनी कोणीतरी तिच्याबद्दल विचारलं होतं. सगळे गेल्यावर उदयराव बराच वेळ ते कप विसळत बसले, कारण विसळून झाले की रविवार संपणार होता.

अबोलीलाही बरं वाटलं. ती सारखी म्हणायची, “बाबा, घर विका आणि इकडे या. तिथे एकटे पडून राहता, मला झोप लागत नाही.” उदयरावांना बंगळूरचा तो बारावा मजला आणि बंद खिडक्या नको होत्या. इथे निदान पूर्णिमाचे डबे तिनं ठेवले तिथे होते. आता रविवारी अबोलीचा फोन आला की ते ऐटीत सांगायचे, “आज मोठ्ठा घोळका होता.” ती म्हणायची, “माणसं येतात तुमच्याकडे तोवर ठीक आहे. नाहीतर मी सरळ न्यायला येईन.” म्हणजे घंटीच्या त्या भोकांवर उदयरावांचं घर टिकून होतं.

मग एका रविवारी यशोधननं लोकांना मोबाइलवर खऱ्या मेजुजाचा फोटो दाखवला. उदयरावांनीही मान लांब करून बघितला. पत्र्याची बोटभर डबी, वर तीन दात्यांचं एक अक्षर, देवाच्या नावाचं पहिलं. त्यांनी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि फोटो पुन्हा बघितला.

सगळे गेल्यावर ते घरामागच्या न्हाणीकडे गेले. न्हाणीच्या चौकटीला उजव्या बाजूला एक तिरपी खुंटी होती, रंगाचे थरावर थर बसून जाड झालेली. तिच्या वरच्या टोकाला त्यांचा पंचा लटकत होता. आज लटकत होता, काल लटकत होता, आणि त्याआधी बापाचा, आईचा, पूर्णिमाचा लटकत होता. उदयरावांनी जुना टेस्टर आणून त्याच्या टोकानं रंग खरवडला. हिरवा निघाला, निळा निघाला, मग पत्रा लागला. पत्र्यावर तीन दाते दिसले.

ते तिथेच पालथ्या बादलीवर बसले. आणीबाणीच्या सुमारास दत्तोपंतांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, घराचा पुढचा भाग पाडून सिमेंटचा केला. दाराला नवी चौकट आली. जुनी सागवानी चौकट मात्र फेकली नाही. सागवान कोणी फेकतं का? कुठल्याही मराठी घरात विचारा. दारातून निघालेली चौकट मागे जाते, गोठ्याला लागते, न्हाणीला लागते, अगदीच काही नाही तर तिचा पाट होतो. तशी ती न्हाणीला लागली आणि देवाचं नाव ओल्या पंच्याखाली गेलं. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. पण लाज ही मुद्दाम केलेल्याचीच वाटते असं थोडंच आहे?

उदयरावांनी कोणाला सांगितलं नाही. सांगायचं तर पुढची खूण घंटीची आहे हेही सांगावं लागणार होतं. पंचा मात्र त्या दिवसापासून ते दोरीवर टाकू लागले.

डिसेंबरात यशोधनचा फोन आला. आवाज आनंदानं फुटत होता. “काका! डॉक्टर साहब की नातिन आ रही है! हन्ना नाम है. इंटरनेट पे अपना वॉक देखा उसने. बस वो निशान छूना है बोली. इसी संडे!”

“इतक्या दुरून? त्या खुणेसाठी?”

“और किसके लिए, काका?”

त्या आठवड्यात उदयरावांचं जेवणात लक्ष लागलं नाही. बाई येईल, घंटीच्या भोकांना हात लावेल, रडेल, जाईल. कोणाचं काय बिघडतं? तिचं समाधान होईल, यशोधनचं नाव होईल, खुर्च्या भरलेल्या राहतील. हा हिशेब त्यांनी पुन्हा पुन्हा मांडला आणि दर वेळी तो बरोबर आला. तरीही शनिवारी त्यांनी न्हाणी घासून काढली, फिनेल टाकलं, फुटका मग फेकून नवा आणला. न्हाणी कोणाला दाखवायचीच नव्हती, तर हे काहून करून राहिलो, असं त्यांनी स्वतःलाच विचारलं.

रविवारी गल्ली भरून लोक आले. हन्ना पन्नाशीची असेल. पांढरे आखूड केस, पायात खेळाचे बूट, उन्हानं लाल झालेलं नाक. यशोधननं सगळी गोष्ट सांगितली, ट्रंक वाहणाऱ्या शिपायाची सुद्धा. मग तो बाजूला झाला आणि म्हणाला, “आणि हे ते दार.” आज तो पाव्हणीच्या मानासाठी मराठीत बोलला होता, जणू तिला तेच कळणार होतं.

हन्नानं डोळे मिटले आणि हात वर केला. लोकांनी मोबाइल उंचावले.

“थांबा,” उदयराव म्हणाले. “यशोधन, त्यांना सांग. ते घंटीचं आहे.”

“क्या?”

“घंटीचं बटण होतं इथं. मीच लावून घेतलं, मीच काढलं. ही चौकट बी नवी आहे. डाक्टरची नाही.”

मागे कोणीतरी हसलं. यशोधनचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. हन्ना एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती, हात तसाच अर्धवट वर. उदयरावांनी आयुष्यात परक्या बाईचा हात धरला नव्हता. त्यांनी तिच्या बाहीची कड चिमटीत धरली आणि लहान मुलाला न्यावं तसं तिला घरातून, पूर्णिमाच्या फोटोसमोरून, मागे नेलं.

न्हाणीसमोर ते उभे राहिले आणि नुसतं बोट दाखवलं.

हन्नानं बघितलं. पत्रा चकाकत होता. तिनं बोटांची टोकं त्याला लावली, मग स्वतःच्या ओठांना लावली, आणि मग तिथेच कपडे धुवायच्या दगडावर बसून हमसून हमसून रडली. उदयरावांना काय करावं कळेना. त्यांनी नव्या मगमध्ये पाणी आणून दिलं.

“सांग त्यांना,” मागून आलेल्या यशोधनला ते म्हणाले, “आम्ही याच्यावर पंचा टांगत होतो. इतके वर्ष. आमाले ठाऊक नव्हतं. माफी माग माझ्याकडून.”

यशोधननं सांगितलं. हन्ना रडता रडता हसली. मग ती बराच वेळ बोलली आणि यशोधन आपला राग विसरून एकेक वाक्य सांगत गेला. तिच्या आजोबांनी नंतर कितीतरी घरं बदलली, पण पुन्हा कधी दाराला मेजुजा लावला नाही. घर सोडणाऱ्यानं तो काढून न्यायचा असतो. आजोबा म्हणायचे, मी तर घर सोडलेलंच नाही. मला उचलून नेलं. माझा त्या दाराला लावलेलाच आहे.

न्हाणीच्या नळातून थेंब पडत होते.

“काका,” यशोधन हळूच म्हणाला, “ये कह रही हैं, आप चाहो तो रख लो. सामने वाले दरवाज़े पे लगा दो, लोग देखेंगे.” त्याचे डोळे पुन्हा चमकले होते. “असली है, काका! अब तो दुगुने लोग आएँगे.”

उदयरावांना ते सगळं दिसलं. चपलांचा ढीग दिसला, चहाचे कप, पूर्णिमाबद्दल विचारणारी माणसं, दर रविवारी, मरेपर्यंत. त्यांना ते फार हवं होतं. दारात वाट बघत बसणं म्हणजे काय, हे त्या गल्लीत त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? आणि इथे एक माणूस मेल्यावरही दारात बसलेला होता, तोही न्हाणीच्या.

त्यांनी खिशातून टेस्टर काढून हन्नाच्या हातात दिला.

“घेऊन जा म्हणा त्याले,” ते म्हणाले. “किती दिवस बसवून ठेवायचं माणसाला?”

स्क्रू गंजलेले होते. शेवटी दोघांनी मिळून काढले. डबी निघाली तशी खाली सागवानाची तिरपी, कोरी, पिवळसर जागा उघडी पडली. हन्नानं डबी रुमालात गुंडाळली, उदयरावांचे दोन्ही हात हातात घेतले, आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली आणि गेली.

यशोधन रेंगाळला. “काका, पहले बोल देते ना.”

“आधी बोललो असतो तर तू आला असता का?”

यशोधननं मान खाली घातली. मग म्हणाला, “ऐसे भी आऊँगा, काका.” तेव्हा ते त्याला खरंच वाटत होतं.

पण कोणीतरी घंटीची गंमत इंटरनेटवर टाकली होती आणि लोक यशोधनला चिडवू लागले. त्यानं एकदा फोन केला. “अभी उधर से नहीं ला रहा, काका. सामने तो सब नया है, और लोगों को बाथरूम कैसे दिखाऊँ?” उदयराव म्हणाले, “बरोबर आहे बाबू.” आणि ते बरोबरच होतं.

पुढच्या रविवारी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, खुर्च्या मांडल्या. वॉकचा आवाज पलीकडच्या गल्लीतून आला, यशोधनचं मोठ्यानं बोलणं, कोणाचं तरी हसणं, आणि तसाच स्टेशनकडे निघून गेला. उदयराव बसून राहिले. उन्हानं खुर्च्या तापल्या तेव्हा आत गेले, हातपाय धुतले आणि जुन्या सवयीनं पंचा चौकटीला अडकवला. तो खाली ओल्यात पडला. त्यांनी उचलला, पिळला आणि रिकाम्या जागेवर दोन बोटं टेकवली.

तेवढ्यात फोन वाजला. अबोली होती.

“बाबा, आले होते का आज लोक?”

“हव, आले होते ना,” उदयराव म्हणाले. “खुर्च्या कमी पडल्या.”