गाळातलं बिऱ्हाड

शोकसभेत विभागप्रमुख म्हणाला, "मॅडम गेल्या, पण मॅडमचं काम जिवंत आहे." पहिल्या रांगेत बसलेल्या तिच्या नवऱ्याने मान खाली घातली. लोकांना वाटलं, हुंदका आवरतोय. तो शिवी गिळत होता.

काम जिवंत होतं हे खरं, पण यांच्या कृपेने नव्हे. बायको आजारपणाच्या रजेवर गेली आणि महिना उलटायच्या आत प्रयोगशाळेतली तिची उबदार खोली नव्या यंत्रासाठी रिकामी झाली. तळ्याच्या गाळातून वर्षानुवर्षं खपून तिने एक जीव वेगळा काढला होता. त्याच्या सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या गेल्या. विभागप्रमुख एके काळी तिचाच विद्यार्थी. उठता बसता तिच्यामागे यायचा, म्हणून घरात त्याचं नाव 'चिरंजीव' पडलं होतं. बाटल्या ओतायचा हुकूम चिरंजीवांचाच.

वाचली ती एक बाटली. ती बायकोने आधीच घरी आणून ठेवली होती. नवरा वेल्डर. त्याने पत्र्याची पेटी जोडली, आत एक बल्ब बसवला आणि बाटलीची उबेची सोय केली.

शास्त्र त्याला कळत नसे, पण इतकी वर्षं जेवताना कानावर पडून काही डोक्यात बसलं होतं. या जिवांना आर्किया म्हणतात. दिसायला जिवाणूंसारखे, पण कूळ वेगळं. "शेजारी राहिले म्हणून सख्खे होत नाहीत," ती म्हणायची. उकळत्या झऱ्यात ते असतात, मिठागराच्या लाल पाण्यात असतात, गाईच्या पोटात, समुद्राच्या तळाशी, अगदी अंगणातल्या मातीतही. तिचे गाळातले. तळ्यात पाला पडतो, कुजतो. एकाचं उष्टं दुसरा खातो, दुसऱ्याचं तिसरा. सगळ्यात शेवटी हे जेवायला बसतात. त्यांनी उरलंसुरलं संपवलं नाही, तर मागच्यांचं कुजवणं तुंबतं.

"म्हणजे जगाची मोरी हे वाहती ठेवतात, आणि नाव कुणाला माहीत नाही," तो म्हणायचा. "माझ्याच जातीचे की."

"तुम्हाला निदान हवा तरी चालते," ती म्हणायची. "यांना ऑक्सिजन लागला की संपले."

पुढे तिच्याच नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. एका भिंतीला सिलिंडर, दुसऱ्या भिंतीला पेटी. तो दोन्हीकडे बघायचा. सिलिंडर हरला.

बाटलीचं करणं तिने त्याला शिकवून ठेवलं होतं. आतले जीव खातात आणि वायू सोडतात, त्याने रबरी बूच फुगतं. मग इंजेक्शनची बारीक सुई, मागे सिरिंज, आणि आतला वायू हळूच ओढून घ्यायचा. बाहेरची हवा आत जाता कामा नये. पाण्यात तिने एक रंग घातलेला होता. हवा नसेल तोवर तो दिसत नाही, शिरली की पाणी गुलाबी.

सभेनंतर विभागप्रमुखाचा फोन आला.

"काका, मॅडमनी एक बाटली घरी नेली होती ना? आहे अजून?"

"का?"

"नवा जीव नोंदवायचा तर त्याचे जिवंत नमुने दोन देशांतल्या संग्रहांत ठेवावे लागतात. मॅडमच्या आजारपणात ते राहून गेलं. आता त्या बाटलीशिवाय कुठेच नाहीये. नमुने पोचले की नोंद पक्की होईल, मॅडमच्या नावाने."

"बघतो," तो म्हणाला.

बघायचं काही नव्हतं. बाटली हाताशी होती. पण ओतताना विचारलं नाही, मग आता घेताना चार खेटे घालू दे, असं त्याच्या मनाने घेतलं. पहिल्यांदा पाहुण्यांचं कारण सांगितलं, मग तब्येतीचं, मग फोनच उचलला नाही. त्या रागात पेटीकडेही त्याने पाठ फिरवली. पेटी उघडली की चिरंजीवांचा चेहरा समोर यायचा.

थोरली बहीण त्याच्याकडे राहायला आली होती. ती म्हणाली, "अरे, देऊन टाक की. नाव तिचंच लागणार ना?"

"लागेल. आधी त्याला नाक घासू दे."

"त्याचं नाक जाड आहे. तूच झिजशील."

"अक्का, तू यात पडू नकोस."

शेवटी विभागप्रमुखाने निरोप ठेवला, आज संध्याकाळी स्वतः येतो. हा चहाच्या वेळेआधीच घराबाहेर पडला आणि जुन्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसला. बसू दे ताटकळत.

अंधार पडता पडता तो परतला तेव्हा विभागप्रमुख खुर्चीच्या कडेला बसला होता. समोर चहा, वर साय धरलेली. टेबलावर बाटली होती.

"बरं झालं मी बघितलं," अक्का म्हणाली. "बूच फुगून गळवासारखं झालं होतं. फुटली असती. तू टोचतोस तसं टोचलं मी. तुझी सुई काही सापडेना, म्हणून गादीचं दाभण घेतलं. सुस्कन वाफ निघाली. आणि पाणी बघ कसं झालंय, तोंडावर लाली यावी तसं. जीव आला त्यात."

बाटली गुलाबी होती, तळापासून गळ्यापर्यंत.

त्याने विभागप्रमुखाकडे बघितलं. अक्का चहा बदलून आणायला आत गेली, तेव्हा विभागप्रमुख हळू म्हणाला, "मी आलो तेव्हा झालेलं होतं, काका. तळाच्या गाळात एखादा तग धरून असेल. नेतो, प्रयत्न करतो."

"न्या."

"खोली रिकामी करायला मीच सांगितलं होतं. मॅडमना विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

हे ऐकायला तो केवढा आसुसला होता. ऐकलं, आणि काय करायचं त्याचं ते त्याला कळेना.

विभागप्रमुखाने मनापासून खटपट केली. काही रुजलं नाही. फोनवर त्याने ते सरळ सांगितलं.

"त्याच तळ्यातून परत काढा की," हा म्हणाला.

"तिथे आहेतच ते, काका. मजेत असतील. पण वेगळे काढणं आम्हाला जमत नाहीये. मॅडमना जमलं होतं."

त्याने फोन ठेवला. अक्का दारात उभी होती.

"काय म्हणाला? लागलं का नाव तिचं?"

"लागलं," तो म्हणाला.

"बघ. वेळेवर टोचलं म्हणून."

"हो, अक्का."

ती समाधानाने आत गेली. तो पेटीपाशी गेला. आतला बल्ब अजून जळत होता. त्याने तो बंद केला आणि निवायची वाट न बघता उघड्या हाताने काढला.