टेबलावर बसलेत तोवर

"टेबलावर बसलेत तोवर पुन्हा येऊन जा गं. एकदा का उठले, की पूल बंद."

परवाना काढून चीनमधून टुमेन नदीपलीकडे, उत्तर कोरियात मावशीला भेटायला गेलेली योनसिल परत निघाली, तेव्हा पुलाच्या नाक्यावर मावशी हे म्हणाली होती. योनसिलने हसण्यावारी नेलं.

"मावशी, अण्वस्त्रांच्या वाटाघाटीत मध्यस्थ आमचं बीजिंग आहे. असं कुणाला उठू देईल होय?"

"त्याला टेबल मोडायला नकोय, पोरी. माझी हाडं मोडली तर त्याचं काय जातंय!" मावशी हसली, आणि मग खोकतच राहिली.

खोकला क्षयाचा होता. योनसिलने घरी येताच गोळ्या आणून ठेवल्या. पण तेवढ्यात तिला मुलगी झाली, दानबी. बाळ शंभर दिवसांचं झालं की तांदळाच्या पांढऱ्या वड्या वाफवून वाटायच्या; जितक्या घरी जातील तितकं बाळाला आयुष्य. पहिला वाटा मावशीचा. वड्या आणि गोळ्या एकदमच नेऊ, असं तिने ठरवलं. टीव्हीवर बीजिंगला वाटाघाटीला जमलेल्या सहाही देशांचे प्रतिनिधी हातावर हात ठेवून फोटो काढत होते. तिथेच दुभाष्या असलेला तिचा नवरा गिल्सू फोनवर म्हणायचा, "पलीकडचे अण्वस्त्रं सोडतील बघ. आज तर बदक खाऊन सगळे पेंगत होते!"

वड्या वाफेवर होत्या तेव्हा कपाट हललं, भांडी खणखणली. दानबीला छातीशी धरून ती जिना उतरली. अंगणात शेजारीण म्हणाली, "भूकंप नाही बाई. पलीकडे त्यांनी अणुबॉम्ब फोडून बघितला."

दुसऱ्या दिवशी पूल बंद.

"कुणी बंद केला हो?" तिने फोनवर विचारलं.

गिल्सू म्हणाला, "आपणच. त्यांना टेबलावर परत आणायचंय ना."

"आणि गोळ्या?"

"तो विषय बैठकीत नाही गं."

आता दानबीला पाठीशी बांधून ती रोज काठावर जाते. बाळ नुसतं शिंकलं तरी ती त्याला पुढे घेऊन कपाळाला हात लावून बघते. वड्या केव्हाच आंबल्या. पलीकडे पाण्याच्या टाकीमागे मावशीचं धुराडं दिसतं. आधी धूर बारीक झाला, मग एक दिवसाआड, आणि आता नाहीच. काल गिल्सू म्हणाला, पुन्हा बसणार आहेत. तिने नुसतं "हं" केलं.

तुमच्यापैकी कुणी तिच्याआधी पलीकडे गेलंच, तर एवढं करा. टाकीमागे निळ्या दाराचं घर आहे. दार वाजवा. उघडलं नाही, तर कान लावा. आत कुणी खोकतंय का, बघून या.