मनगटाचं माप

गल्लीत तिला सगळे मास्तरीण म्हणत. शाळेचं तोंड तिने चौथीपर्यंतच पाहिलं होतं, पण कातरकामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. गिऱ्हाईक उंबरा ओलांडून आत येईपर्यंत त्याची छाती, कंबर आणि स्वभाव, तिन्हींचं माप तिच्या डोळ्यांत उतरलेलं असे. तरी प्रत्येक माप टेपने घेऊन तारखेसकट वहीत लिहायचं, हा तिचा नेम. "डोळा खुशामत करतो, टेप करत नाही," असं ती म्हणायची.

मुलगा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, त्यामुळे घरात असायच्या सासू-सून दोघीच. सून काजं-बटणं करायची. तिला छत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा दिवस राहिले, तेव्हा मास्तरणीने आनंदाच्या भरात एका गिऱ्हाइकाच्या पँटला तीन खिसे लावले होते. मग सुनेसाठी दोन घेरदार झगे शिवले आणि बाह्यांच्या शिवणीत आत बोटभर कापड जास्तीचं सोडलं.

आठवा महिना लागला आणि ते कापड भराभर संपू लागलं.

"आई, बाही रुततेय."

"आण इकडे. उसवून देते."

आठवड्याने पुन्हा तेच. दुसरी कुणी सासू असती तर हात का सुजले, असं तरी विचारती. पण ही पडली शिंपीण. अंग आणि कपडा यांचं भांडण झालं की चूक कपड्याची, हे तिच्या धंद्याचं पहिलं तत्त्व. ती माप घेई, वहीत लिही, शिवण उसवी आणि नवी टीप मारी. त्यातून शाळेचे एकशे चाळीस गणवेश अंगावर घेतलेले. महिन्याच्या तपासणीचा दिवस आला तेव्हा मास्तरीण म्हणाली, "हे शर्ट हातावेगळे होऊ देत, मग जाऊ." आठवड्याने पुढची तारीख मिळाली, तेव्हा सूनच म्हणाली, "पँटी राहिल्यात, आई." दोघी एकमेकींना सांभाळून घेत होत्या, आणि त्या सांभाळण्यात तारखा निघून गेल्या.

त्या सकाळी सून सुई-दोरा घेऊन मशीनपाशी आली.

"जरा ओवून देता?"

"साठीला मी टेकलेय की तू?" मास्तरीण हसली. "गेल्या वर्षीपर्यंत तूच मला ओवून द्यायचीस."

"सुईला दोन नेढी दिसतायत. आणि डोळ्यांपुढे काजवे चमकल्यासारखं होतंय. डोकं तर कालपासून नुसतं ठणकतंय."

"एकशे चाळीस निळे गणवेश बघून माझ्यासुद्धा डोळ्यांपुढे समुद्र येतो. पड जरा."

"पडते. पण आधी ही बाही... परत घट्ट झालीय."

मास्तरणीने बाही उलटी केली. आत सूतभरही कापड शिल्लक नव्हतं. आता नवीच बाही बेतायला हवी. तिने टेप घेतली, मनगट मोजलं, पोट मोजलं आणि लिहायला वही उघडली. आजवर ती माप लिहायची ते कापायला. मागचं माप वाचायची वेळ कधी आलीच नव्हती. आज आकडे एकाखाली एक आले आणि तिची पेन्सिल थांबली.

मनगट: सहा, साडेसहा, सव्वासात. पोट: अडतीस, अडतीस, अडतीस.

पोराने पोट वाढवायचं, ते पंधरा दिवस जागचं हललं नव्हतं. आणि ज्या हातात पोर नाही, तो फुगत चालला होता.

तिने सुनेच्या पायाच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला.

"चप्पल घाल," ती म्हणाली.

"आणि गणवेश?"

"खड्ड्यात गेले गणवेश. उघडी जाणार आहेत का पोरं? जुने घालतील."

समोरचा बेकरीवाला पाव पोचवायला निघालाच होता. मास्तरीण त्याच्या गाडीला आडवी गेली. "पाव नंतर. आधी आम्हाला इस्पितळात सोड." त्याने एका शब्दाने न विचारता पावांचे ट्रे फुटपाथवर उतरवले.

गाडीत सुनेने सासूचा हात घट्ट धरला. "एक सांगायचं राहिलंय. माझी आई माझ्या जन्माच्या वेळी गेली ना, ती तापाने नाही. तिला झटके आले होते. मावशीने सांगितलं होतं. मी बोलले नाही... वाटलं, तुम्ही म्हणाल, अशी कशी सून आणली."

"वेडी गं माझी बाय ती," मास्तरीण म्हणाली. तिने सुनेचा हात मांडीवर घेऊन ठेवला.

इस्पितळात नर्सने दोनदा रक्तदाब मोजला आणि दुसऱ्यांदा धावतच डॉक्टरीणबाईंना बोलावलं. वरचा एकशे ऐंशी, खालचा एकशे पंधरा. लघवीत प्रथिनं. डॉक्टरीण भराभर विचारत होत्या: पहिलंच का? वय? घरात कुणाला गरोदरपणात दाब, झटके? या वेळी सूनच बोलली, "माझ्या आईला." त्या मान हलवत म्हणाल्या, "पहिलं बाळंतपण, वय पस्तिशीपुढे, त्यात आईला झालेलं. अशा बाईचा दाब दर तपासणीला बघायलाच हवा."

खाटेवर घेता घेताच सुनेची नजर फिरली, दातखीळ बसली आणि सगळं अंग थडथडलं. नर्सने तिला कुशीवर वळवलं, शिरेत औषध सोडलं. मिनिटभराचाच तो खेळ. मास्तरीण भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या गळ्यातली टेप तिने पिळून पिळून दोरी करून टाकली होती.

दाब आवाक्यात आल्यावर शस्त्रक्रिया झाली. मुलगी. पावणेदोन किलो, पण आवाज असा, की तीन किलोवालीने लाजावं. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. दुपार कलता कलता सुनेने डोळे उघडून "गणवेश..." म्हटलं, तेव्हा मास्तरणीने पहिल्यांदा श्वास सोडला.

"आणलंत ते बरं केलंत," डॉक्टरीण म्हणाल्या.

"मी कसली आणतेय? पंधरा दिवस शिवण उसवत बसले होते."

डॉक्टरीणबाईंनी खोटी समजूत घातली नाही. "पंधरा दिवस आधी आला असतात, तर हा झटका बहुतेक टळला असता. पण संध्याकाळपर्यंत थांबला असतात, तर मी तुमच्याशी काय बोलले असते, सांगता येत नाही. आता घरी गेल्यावरही दाब बघायचा. बाळंतपण झालं म्हणजे आजार संपला, असं नसतं. पुढेही जपावं लागेल तिला."

तीन आठवड्यांनी तिघी घरी आल्या. मुलगा ट्रक उभा करून आधीच घरी येऊन बसला होता आणि पहिल्यांदाच आयुष्यात काजं करत होता. एकही सरळ नव्हतं.

सून आरशासमोर उभी राहिली. झग्याच्या बाह्या लोंबत होत्या. "आई, आता आत घेऊन द्या ना. बुजगावण्यासारखी दिसतेय."

मास्तरणीने शेजारच्या नर्सकडून मागून आणलेलं दाबाचं यंत्र आधी तिच्या दंडाला गुंडाळलं. आकडा वहीत लिहिला. मग टेपने मनगट मोजलं, तेही लिहिलं. मग बोट वर सरकवत आधीचे सगळे आकडे एकेक करत वाचले.

"दाबाच्या गोळ्या सुटल्यावर घेईन आत," ती म्हणाली. "तोवर राहू दे बुजगावणं."

आणि पान उलटून तिने नवं नाव घातलं, "छोटी", मापाआधी तारीख टाकली, आणि झोपलेल्या पोरीच्या मनगटाभोवती टेप इतकी अलगद फिरवली, की तिला जाग आली नाही.