धुक्यातल्या परटिणीचे ओठ

मी एक फिल्म बोलतेय. नाव ‘धुक्यातली परटीण’. तुम्ही ऐकलं नसेल. फारसं कुणीच ऐकलेलं नाही. भुताखेताची, चार दिडक्यांत उरकलेली मी. माझा चेहरा एका बाईचा आणि आवाज दुसरीचा. सगळं रामायण घडलं ते त्यातूनच.

माझा जन्म ऐंशीच्या दशकातला, इटलीत, पो नदीच्या मुखाजवळच्या दलदलीत. माझा दिग्दर्शक एरवी लग्नांचे फोटो काढायचा. पैशाच्या नावाने बोंब होती, पण धुकं फुकट होतं आणि तिकडे थंडीच्या दिवसांत ते मुक्कामालाच असतं. रक्त म्हणून टोमॅटोचा रस, भूत म्हणून विल्मा. विल्मा मासळीच्या कारखान्यात काम करायची. उंच, हाडकुळी, डोळे हे मोठ्ठे. तोंडाला मैदा फासला, ओली चादर गुंडाळली की झाली बुडून मेलेली परटीण, कालव्याकाठची पोरं पळवणारी.

आमच्याकडे तेव्हा शूटिंगच्या वेळी आवाज घेतच नसत. आधी चित्र, आवाज मागाहून, रोममधल्या बंद खोलीत. त्यामुळे कॅमेरा चालू असतानाही दिग्दर्शक खुशाल ओरडायचा, सुतार खिळे ठोकायचा आणि नटमंडळी तोंडाला येईल ते बोलायची. कुणी आकडे म्हणायचं, कुणी जेवायला काय आहे ते विचारायचं. ओठ हलल्याशी मतलब!

विल्माची लहानगी लोरेदाना कॅमेऱ्याशेजारी उभी असायची, कारण घरी सांभाळायला कुणी नव्हतं. एके सकाळी विल्मा कालव्याच्या पाण्यातून, धुक्यातून चालत आली आणि तिचं ते पांढरंफटक तोंड बघून पोर किंचाळली, “तू माझी आई नाहीस! तू माझी आई नाहीस!” रीळ वाया जाईल म्हणून दिग्दर्शकाने कॅमेरा थांबवला नाही. विल्मा हात पसरून तशीच पुढे आली आणि लेकीला काहीतरी बोलली. ते बोलणं माझ्यात ओठांपुरतं उमटलं, आवाजाविना.

पुढे रोमला योलांदा नावाच्या बाईने त्या ओठांवर शाप बसवला. “मी बुडाले ती तुझ्यामुळे! चल, तुलाही नेते!” काय आवाज होता हो! माझ्याही अंगावर काटा आला.

मी पडद्यावर येईपर्यंत विल्मा न्यूमोनियाने गेली होती. “चल, आईला बघू,” म्हणून मावशीने पोरीला गावातल्या चर्चच्या थिएटरात आणलं. पोरीने आई पाहिली आणि आईच्या तोंडून ते वाक्य ऐकलं. ती ओरडली नाही की रडली नाही. खुर्चीखाली जाऊन बसली. ओढून बाहेर काढावं लागलं. लोक घाबरले की मला मूठभर मांस चढायचं. त्या दिवशी मात्र नाही चढलं.

बाकी मी सपशेल आपटले. करार संपला की फिल्मच्या प्रती कुऱ्हाडीने तोडायची तेव्हा रीत होती. माझ्या बहिणी तशाच गेल्या. मी वाचले ती त्या थिएटरात प्रोजेक्टर चालवणाऱ्या नेव्हिओमुळे. त्याने मला मोडक्या खुर्च्यांमागे दडवलं आणि चक्क विसरून गेला. डब्यात पडल्या पडल्या मला आंबट वास सुटला, अंग आक्रसलं, प्रोजेक्टरच्या दात्यांत बसणारी कडेची भोकं फाटायला आली.

गेल्या नोव्हेंबरात, दुपारच्या वेळी, त्याच, आता बंद पडलेल्या थिएटरात डब्याचं झाकण उघडलं. नेव्हिओच होता, पार पिकलेला. सोबत पन्नाशीकडे झुकलेली लोरेदाना, आणि काठी टेकत आलेली एक म्हातारी. म्हातारीने खाकरून घसा साफ केला आणि मी ओळखलं. योलांदा! लोरेदानाने तिला कुठून कुठून शोधून काढून रोमहून आणलं होतं.

“सिन्योरा, आधीच सांगतो,” नेव्हिओ लोरेदानाला म्हणाला, “ही एकदाच चालेल. दुसऱ्यांदा मागू नका. हिच्यात आता काही राम नाही.”

“माझ्यात तरी कुठे आहे?” योलांदा म्हणाली. “तरी तुमच्या या गारठ्यात आले ना?”

लोरेदानाने कोटसुद्धा काढला नव्हता. “मला एवढंच सांगा, आई त्या दिवशी खरं काय बोलली? मी तिला नाही नाही ते म्हणाले होते. तिने मला काय उत्तर दिलं, ते मला आठवतच नाही. आठवायला गेलं की तो शापच ऐकू येतो.”

“तो शाप माझा गं बाई, तिचा नाही.”

“ते कळतं हो. पण कळून काय उपयोग?”

योलांदा खुर्चीत टेकली. “हे बघ, रोमच्या त्या खोलीत तो तुकडा दिवसभर माझ्यापुढे परत परत लागत होता. मी तेव्हाच म्हणाले, ही बाई भलतंच काहीतरी बोलतेय, शाप बसत नाही तिच्या तोंडात. तर दिग्दर्शक म्हणाला, बसव! बसवला. पण तिचे शब्द मला असे सांगता नाही यायचे. ओठ दिसले तर येतील.”

“आणि ते वाईट असले तर?”

“तर वाईट सांगीन. खोटं बोलायचे पैसे मिळायचे, तेव्हा बोलले. आता फुकट कशाला बोलू?”

नेव्हिओने मला प्रोजेक्टरवर चढवलं. दिवा पेटला. किती वर्षांनी ती ऊब! पण प्रत्येक दात्यावर माझं अंग ओढलं जात होतं आणि कालव्याचा तो तुकडा जवळ येत होता. धुकं आलं. विल्मा आली. ओठ उघडले आणि सगळं थिएटर दणाणलं, “मी बुडाले ती तुझ्यामुळे!”

लोरेदानाने कान झाकले.

“बंद करा!” योलांदा ओरडली. “बंद करा तो मेला आवाज! मला माझंच ऐकू येतंय. ही भवानी मला तिच्या ओठांपर्यंत पोचूच देत नाहीये!”

नेव्हिओने मला थांबवलं.

“मागे घ्या आणि आवाजाशिवाय लावा,” योलांदा म्हणाली.

“जमायचं नाही.” नेव्हिओने माझी कड बोटांवरून फिरवली. “बघा, भोकं फाटलीत. अडकली तर दिव्यापुढे वितळेल. सिन्योरा लोरेदाना, आईचं चालतंबोलतं दुसरं काही आहे तुमच्याकडे?”

“नाही.”

“मग हेही जाईल. नीट विचार करा.”

लोरेदाना पडद्याकडे बघत राहिली. पडदा कोराच होता. मला वाटलं, ही आता मला डब्यात घालून घरी नेणार. खरं सांगते, मला तेच हवं होतं. एके काळी मी लोकांना मरणाची भीती विकली. पण माझ्या मरणाची मला भीती वाटली.

“आई जपून ठेवलीय, पण तिच्याकडे बघवत नाही,” ती म्हणाली. “असलं जपणं काय कामाचं? लावा.”

पुन्हा धुकं आलं. या वेळी माझी खडखड तेवढी ऐकू येत होती. योलांदा काठी टेकत पडद्याजवळ गेली. विल्मा पाण्यातून पुढे सरकली, हात पसरले. माझी कड फाटत होती, मला ते कळत होतं. अजून नको, जरा दम धर, मी स्वतःला बजावत होते. ओठ उघडले. योलांदाचेही ओठ हलले, नुसतेच. मग आवाज आला. तो शापाचा आवाज नव्हताच. साधा, घाईतला, चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईचा आवाज होता, आणि तो विल्माच्या ओठांवर अक्षर न् अक्षर बसत होता.

“आईच आहे गं, चिमणे. मैदा फासलाय नुसता. घाबरलीस होय? ये, हात दे. घरी जायचं ना?”

शेवटचा शब्द संपला आणि मी अडकले. विल्माचा चेहरा जागच्या जागी थांबला, मधोमध तपकिरी डाग पडला, फुगला आणि वितळला. नेव्हिओने धावत जाऊन दिवा विझवला.

तर मंडळी, असं आहे माझं. तो तुकडा आता माझ्यात नाही, आणि त्याच्याशिवाय मला कुणी लावणार नाही. जीव हळहळतो, खोटं कशाला बोलू? पण तुमच्या घरी आमच्या जातीचं एखादं जुनं रीळ पडलं असेल, तर त्याला नुसतं जपू नका. एकदा बघून घ्या. आणि मला आता निरोप द्या.

जाता जाता एवढं ऐका. दिवा विझल्यावर त्या बंद थिएटरात जळका वास भरून राहिला. मग लोरेदानाचा आवाज आला.

“पुन्हा म्हणा ना.”

“अगं, चित्र गेलं की.”

“जाऊ दे. तुम्ही म्हणा.”

योलांदाने पुन्हा म्हटलं, सगळं, तस्संच. “घरी जायचं ना?” पाशी ती थांबली.

अंधारातून लोरेदाना म्हणाली, “हो.”